‘पात्र जोडप्यां’च्या यादीबाहेरच्या मुलामुलींसाठी खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय, महोदया,
स.न.वि.वि.

एक डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात रेड रिबन क्लबच्या, म्हणजे विद्यार्थ्यांत एड्सबद्दल जागृती करणाऱ्या मंडळाच्या, कार्यक्रमात मी बोलणार होते. मी डॉक्टर नाही आणि प्राध्यापकही नाही. पुण्यात नारायण पेठेत माझं मेडिकल आहे, आणि डी.फार्म. झाल्यापासून मी काउंटरमागेच उभी आहे. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी समन्वयक सरांचा फोन आला. ‘‘मॅडम, रक्तातून, सुयांतून, आईकडून बाळाला, सगळं सविस्तर सांगा. फक्त कंडोम दाखवू नका, आणि तो विषय जरा कमीच ठेवा. पालक तक्रारी करतात.’’ मी विचारलं, आपल्याकडे एचआयव्हीची बहुतांश लागण लैंगिक संबंधांतून होते, ते सांगायचं की नाही? सर म्हणाले, ‘‘सांगा की. संयम पाळा म्हणून सांगा.’’

मी गेले नाही. माझ्याऐवजी रांगोळी स्पर्धा झाली, लाल फितीची. रांगोळी सुंदर होती असं ऐकलं.

त्या सरांवर माझा राग नाही. बिचारे अवघडून बोलत होते. तसा लेखी आदेश आहे का, असं विचारल्यावर ‘‘आदेश नाही हो, पण वरून तसंच असतं’’ म्हणाले. हे ‘वरून’ म्हणजे आपण दोघं. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून खुलं.

माझ्या दुकानाच्या आसपास अभ्यासिका, खानावळी आणि कॉट बेसिसच्या खोल्या आहेत. नांदेड, बीड, सोलापूर, गडचिरोलीहून राज्यसेवेची, पोलीस भरतीची, बँकेची तयारी करायला आलेली मुलंमुली इथे राहतात. वय विशीपासून तिशीपर्यंत. घरापासून लांब, परीक्षा पुढे ढकलली जातेय, लग्न नोकरीवर अडलेलं. एवढ्या वर्षांत कोणी प्रेमात पडणारच नाही असं आपल्याला वाटत असेल, तर एखाद्या संध्याकाळी दुकानात येऊन बसा. खुर्ची देते.

काय दिसेल ते आधीच सांगते. मुलगा येतो आणि मला पाहून बाहेरच घुटमळतो. एखादा आत येऊन विचारतो, ‘‘काका कधी असतात?’’ काका म्हणजे माझे धाकटे दीर. ते रात्री नऊनंतर बसतात. काका नाहीत म्हटलं की एक क्रोसिन, एक ओआरएस आणि खोकल्याच्या गोळ्यांची स्ट्रिप घेतो आणि जाताजाता मान वळवून म्हणतो, ‘‘आणि... ते एक.’’ दहा रुपयांचा चहासुद्धा यूपीआयने पिणारा हा मुलगा कंडोमच्या त्या पाकिटाचे पैसे रोख देतो, कारण खातं वडिलांसोबत आहे आणि मेसेज बाबांच्या मोबाइलवर जातो. दुकानात त्या वेळी गुडघेदुखीचं मलम घ्यायला आलेल्या आजी उभ्या असतील, तर तो काहीच न घेता निघून जातो. तो बेत रद्द करत नाही, फक्त पाकीट राहतं.

मुलगी कंडोम मागायला आल्याचं क्वचितच आठवतं. मुली येतात त्या दुसऱ्या दिवशी, गर्भ राहू नये म्हणूनच्या तातडीच्या गोळीसाठी.

माझा मुलगा याच वयाचा आहे आणि दुसऱ्या शहरात होस्टेलवर राहतो. तोही कुठल्या तरी दुकानाबाहेर असाच घुटमळत असेल, तर आतलं माणूस त्याच्याशी कसं वागत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. या पत्रातला माझा स्वार्थ एवढाच.

आता गाऱ्हाणी. सगळ्यात मोठं आधी, आणि ते आरोग्य विभागाबद्दल आहे.

आपल्या दप्तरात तरुण माणूस दोन ठिकाणी सापडतो. पहिली जागा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात. २०१४ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात वयोगट आहे १० ते १९. त्याच्यासाठी आपल्या राज्यात ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. दुसरी जागा कुटुंबनियोजनाच्या नोंदवहीत. तिथे नोंद होते ‘पात्र जोडप्या’ची, म्हणजे लग्न झालेल्या आणि बायकोचं वय पंधराच्या पुढे, मूल होण्याच्या वयात असलेल्या जोडप्याची. २०११ साली केंद्राने योजना आणली की आशाताईने घरपोच गर्भनिरोधकं द्यावीत, तीन कंडोमचं पाकीट एक रुपयाला. योजना चांगलीच आहे. पण आशाताई जाणार कोणाच्या घरी? नोंदवहीतल्या जोडप्याच्या.

मग वीस वर्षांची, अविवाहित, अभ्यासिकेत बसलेली मुलगी कुठल्या रकान्यात येते? किशोरी म्हणून तिचं वय उलटलं. जोडपं म्हणून ती अपात्र. लग्न पंचविसाव्या, अठ्ठाविसाव्या वर्षी झालं, तर मधली सगळी वर्षं आरोग्य खात्याच्या लेखी ती अस्तित्वातच नाही. उलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या राज्यात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्यांचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालं होतं. म्हणजे कायदा मोडून सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी आपल्या व्याख्येत पात्र ठरते आणि तिच्या दारात पाकीट पोचू शकतं. कायदा पाळून, शिकत, स्वतःच्या पायावर उभी राहू पाहणारी चोवीस वर्षांची मुलगी मात्र त्या यादीबाहेर. हे कोणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण इतकी वर्षं कोणाला खटकलंही नाही, याचं नवल वाटतं.

सरकारी कंडोम फुकट मिळतात, मग अडचण काय, असं उत्तर येईल. मिळतात. आरोग्य केंद्रात केसपेपरच्या खिडकीशेजारी पेटी असते आणि समोर अख्खी रांग बसलेली असते. गावात त्या रांगेत मामा असतो, चुलती असते, वर्गशिक्षक असतात. ‘मैत्री’ क्लिनिक चालतं ओपीडीच्या वेळेत, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा मुलं कॉलेजात असतात.

दुसरं गाऱ्हाणं शिक्षणाचं. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. इतर काही राज्यांनीही थांबवलं होतं, पण मला माझ्या राज्याची लाज वाटली. त्या वर्षी नववीत असलेली पोरं आज तिशी ओलांडून गेली. दरम्यान प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि शिकवणीचं काम त्याने घेतलं. तिथे जे दिसतं त्यात कंडोम बहुधा नसतोच, संमती विचारणंही नसतं.

मुलांना कंडोम माहीत नाही असं अजिबात नाही. नाव माहीत असतं, फ्लेवर तर तोंडपाठ असतात. वापरायचा कसा, हे माहीत नसतं. कंडोमच्या अपयशाचे आकडे औषधनिर्माणशास्त्राच्या पुस्तकात असतात: वर्षभर दर वेळी बिनचूक वापर केला तर शंभरातल्या साधारण २ जोडप्यांत गर्भ राहतो, आणि लोक प्रत्यक्षात जसं वापरतात तसं वापरलं तर १३ जोडप्यांत. वस्तू तीच. मधला अकराचा फरक सवयीचा आणि हातांचा आहे, आणि हात शिकवले तर शिकतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांशी बोलल्यावर कळतं की पाकीट महिनोन्महिने मागच्या खिशातल्या वॉलेटमध्ये किंवा गाडीच्या डिकीत, उन्हात पडलेलं असतं. फोडतात दातांनी. टोकाशी हवा राहू द्यायची नाही, सुरुवातीपासून घालायचा, ‘शेवटी-शेवटी’ नव्हे, बाहेर येताना कड धरायची, यातलं कोणी सांगितलेलं नसतं. कोरडं वाटलं तर घरचं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावतात; तेलाने लेटेक्स कमकुवत होतं, हे माहीत नसतं. जास्त खात्री म्हणून एकावर एक दोन घालणारेही आहेत. मग फाटतो, आणि ‘‘काकू, हे काही खरं नाही, कंडोम फाटतातच’’ असं मित्रांत पसरतं.

हे सगळं पंधरा मिनिटांत, एका लाकडी नमुन्यावर दाखवता येतं. त्या पंधरा मिनिटांनाच परवानगी नव्हती.

या विषयाने मुलं बिघडतात, या भीतीबद्दल मी तावातावाने बोलणार नाही, कारण माझ्याही ओळखीतले बरेच पालक प्रामाणिकपणे तसं मानतात. युनेस्कोने २०१८ साली लैंगिक शिक्षणाबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांची सुधारित आवृत्ती काढली. त्यासाठी अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला होता, आणि अशा शिक्षणामुळे लैंगिक संबंध वाढत नाहीत असंच त्यात दिसलं. माझा अनुभव त्याहून साधा आहे. पाकीट पाहून इच्छा झाली असा एकही मुलगा माझ्या दुकानात आलेला नाही. ठरवलेलं असतं तेव्हाच तो येतो.

आणि ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ हे तरी पुण्या-मुंबईत कोणी म्हणू नये. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताचे प्राध्यापक होते. याच कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, पदरमोड करून मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच बाबासाहेबांच्या पक्षाने १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, आमदार पी. जे. रोहम यांच्यामार्फत. तो फेटाळला गेला, ते वेगळं. माझ्या दुकानापासून कर्वे रस्ता चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तो वडिलांच्या नावाचा, धोंडो केशवांच्या. मुलाने काय केलं हे त्या रस्त्यावरच्या महाविद्यालयांतल्या किती मुलांना माहीत असेल, देव जाणे.

तिसरं गाऱ्हाणं नजरेचं आहे, आणि त्याला माझी जमातही जबाबदार आहे. लग्न झालंय का, असं विचारणारे दुकानदार मी पाहिले आहेत. हसून सहकाऱ्याला खूण करणारे पाहिले. ‘‘बाळा, घरी माहीत आहे का?’’ म्हणणारेही. कंडोम विकत घ्यायला वयाची किंवा लग्नाची अट घालणारा कुठलाही कायदा नाही. तरीही परवाना असलेला माणूस पांढऱ्या कोटात विचारतो, तेव्हा समोरच्या पोराला वाटतं की असा नियम असेलच.

दुकानातली नजर एक वेळ चुकवता येते, होस्टेलची येत नाही. आमच्या भागातल्या एका मुलींच्या वसतिगृहात खोल्यांची तपासणी झाली. एका मुलीच्या बॅगेत पाकीट सापडलं. दारू नव्हती, चोरीचा माल नव्हता. घरच्यांना बोलावून घेतलं, बाकीच्या मुलींसमोर बोभाटा केला, मुलगी गावी गेली ती परत आली नाही. ती माझ्याकडे लोहाच्या गोळ्या न्यायची, म्हणून मला माहीत. तपासणी करणाऱ्या बाईंना वाटलं असेल की बाकीच्यांना धडा मिळाला. मिळाला, पण वेगळाच. त्यानंतर त्या वसतिगृहातल्या मुली माझ्याकडे येत राहिल्या, तातडीची गोळी न्यायला. गोळी तिथल्या तिथे गिळता येते, मागे बॅगेत काही राहत नाही.

ॲपवरून दहा मिनिटांत येतं की आता, असं मला एका शिकलेल्या गृहस्थांनी सुनावलं. येतं, पण स्वतःचा फ्लॅट आणि स्वतःचं खातं असलेल्यांना. एका खोलीत सहा कॉट, पार्सल खाली घरमालकीणबाई घेतात आणि हलवून पाहतात. तिथे नाही मागवत कोणी.

गोळीबद्दल जरा थांबून बोलते, कारण तरुणांत कंडोमची जागा हळूहळू तिने घेतली आहे. ही तातडीची गोळी बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी बरी. कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, काही चुकलं, अशा प्रसंगासाठी ती आहे आणि ती चिठ्ठीशिवाय मिळते हे उत्तमच आहे; ते कोणी बंद करू नये. पण तिने एचआयव्ही किंवा गनोरिया, सिफिलिस, एचपीव्ही यांसारखे गुप्तरोग अडत नाहीत. महिन्यातून दोनदा-तीनदा नेणाऱ्या मुलींना मी हे सांगते, पाळी का बिघडली ते सांगते, नियमित गोळ्या किंवा कंडोम का बरे ते सांगते. त्या शांतपणे ऐकतात आणि मग मला खरं कारण सांगतात.

‘‘तो म्हणतो मजा येत नाही.’’ हे सगळ्यात जास्त. ‘‘मी आणला तर तो म्हणेल, तुला कसं माहीत एवढं?’’ हे त्याखालोखाल. आणि तिसरं कारण मला फार उशिरा उमगलं: सुरुवातीला वापरतात, दोन-तीन महिन्यांत सोडतात. कारण आता विश्वास आहे. पाकीट मागणं म्हणजे विश्वास नाही असं होतं. तो मुलगा हा तिच्यासाठी पहिलाच असतो, ती त्याच्यासाठी बऱ्याचदा पहिली नसते, आणि तपासणी दोघांनीही केलेली नसते. आपल्या प्रबोधनाच्या पोस्टरवर असतो ट्रकवाला आणि अनोळखी बाई. माझ्या काउंटरवर असतात एकमेकांवर खरंखुरं प्रेम करणारी दोघं. त्या पोस्टरमध्ये ती स्वतःला पाहणार कशी?

मुलग्यांवर प्रेम करणाऱ्या मुलग्यांचं तर कुठल्याच पोस्टरमध्ये नाव नाही. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा ३७७ कलमाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१८चा. त्यांच्यासाठी गर्भाचा प्रश्न नसतो, म्हणून ‘कुटुंबनियोजन’ अशी पाटी असलेल्या खोलीत ते पाऊलही टाकत नाहीत. लागण मात्र त्यांना होऊ शकते.

‘‘मजा येत नाही’’ म्हणणारा मुलगा हे कुठे शिकला, यावर मी बराच विचार केला आहे. घरात. आणि घरात हा धडा आला आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमातून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीनुसार महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्क्यांची नसबंदी झालेली आहे, पुरुषांची एक टक्काही नाही. देशभरात कंडोम वापरणारी जोडपी साडेनऊ टक्के. दोन मुलं झाली की बाईचं ऑपरेशन, माहेरी जाऊन आठवडाभर आराम, विषय संपला. बापाने काही वापरलेलं मुलाने कधी ऐकलेलं नाही. मग देशातले ३५ टक्के पुरुष त्या पाहणीत म्हणाले की गर्भनिरोधन ही बाईची बाब आहे, त्यांनी घरात पाहिलं तेच सांगितलं इतकंच. शिबिरांची उद्दिष्टं भरायला बायकाच रांगेत उभ्या केल्यात, तर मुलांना याहून वेगळं काय कळणार होतं?

जाहिरातींचं थोडक्यात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने सांगितलं की कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच दाखवाव्यात. पुढे खुलासा झाला की हे उत्तान जाहिरातींपुरतं आहे. तो आपला विषय नाही, पण उलट्या बाजूने आपण काय केलंत? दिवसा दाखवता येईल अशी, साध्या मराठीत ‘कसा वापरायचा’ सांगणारी एक जाहिरात राज्य सरकारला करता आली असती.

अठराखालच्या मुलांचा प्रश्न अवघड आहे, तो मी टाळत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात त्यांची संमती मानली जात नाही, आणि डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. समोर घाबरलेली मुलगी आणि तिच्यापेक्षा बराच मोठा पुरुष असेल तर मी गोळीसोबत १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर देते आणि तिच्याशी एकटीशी बोलायचा प्रयत्न करते. पण सगळीच प्रकरणं तशी नसतात. एकमेकांच्या मर्जीने संबंध आलेल्या अल्पवयीन मुलींचं नाव गर्भपाताच्या वेळी पोलिसांना कळवण्याची सक्ती डॉक्टरवर नको, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये मान्य केलं. त्याच निकालात अविवाहितेला गर्भपाताचा विवाहितेइतकाच हक्क दिला. त्याआधी २०२१च्या दुरुस्तीने गर्भपाताच्या कायद्यात ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला. गर्भ राहिल्यावर कायद्याला अविवाहित मुलगी दिसते, आणि राहू नये म्हणून आपल्या नोंदवहीला दिसत नाही. हे उलटं आहे.

मागण्या मोठ्या नाहीत आणि बहुतेकांना नवा पैसाही लागत नाही.

आरोग्य विभागाने लेखी परिपत्रक काढावं की कंडोम, सल्ला आणि तपासणी मागणाऱ्याला लग्न झालंय का हे विचारलं जाणार नाही, आणि एकोणिसाच्या पुढच्या अविवाहितांनाही ‘मैत्री’ क्लिनिकची सेवा मिळेल. क्लिनिक आठवड्यातले निदान दोन दिवस संध्याकाळी उघडं असावं. फुकट कंडोमची पेटी केसपेपरच्या खिडकीजवळून हलवून स्वच्छतागृहात लावावी. एसटी स्थानकांवर, सरकारी वसतिगृहांत, मोठ्या अभ्यासिकांत, मुलांच्या आणि मुलींच्याही स्वच्छतागृहात. पूर्वी पैसे टाकायची यंत्रं लावली होती, ती धूळ खात पडली. यंत्र नको, साधी पेटी पुरे, पण ती भरायची जबाबदारी कोणाची हे तिच्यावर लिहिलेलं असावं.

उच्चशिक्षण विभागाने स्पष्ट करावं की रेड रिबन क्लबच्या कार्यक्रमात कंडोमचं प्रात्यक्षिक हा ऐच्छिक भाग नाही. ते करायला एड्स नियंत्रण सोसायटीचे समुपदेशक आहेत, १०९७ ही हेल्पलाइन आहे. ‘‘पालक तक्रार करतात’’ असं म्हणणाऱ्या प्राचार्यांच्या हातात दाखवायला एक कागद हवा, तेवढाच द्या. शासकीय आणि अनुदानित वसतिगृहांच्या नियमावलीत एक ओळ घालावी: कुणाच्या सामानात गर्भनिरोधक सापडणं हा शिस्तभंग नाही आणि त्यावरून पालकांना कळवलं जाणार नाही. या ओळीसाठी मला सगळ्यात जास्त आग्रह धरायचा आहे.

औषध विक्रेत्यांच्या उजळणी प्रशिक्षणात हा विषय घ्यावा. कंडोम काउंटरमागच्या कपाटात नको, ग्राहकाला स्वतःच्या हाताने उचलता येतील असे मोकळ्या मांडणीवर हवेत, आणि तातडीच्या गोळीसोबत मराठीत छापलेला हातभर नाही, बोटभर कागद द्यावा: गोळीने काय होतं, काय होत नाही, तपासणी फुकट कुठे होते. मी स्वतः मांडणी दाराजवळ हलवली, थर्मामीटर आणि बँडेजशेजारी. तेव्हापासून काकांची चौकशी बरीच कमी झाली आहे आणि खोकल्याच्या गोळ्यांचा खपही. माझं तेवढं नुकसान मी सोसते.

शाळांबद्दल या पत्रात मागणी करत नाही, कारण ते खातं तिसरं आहे. त्यांना वेगळं लिहीन.

या पत्राचं उत्तर मला लेखी हवं आहे, नकार असला तरी. पुढच्या एक डिसेंबरच्या आत आलं तर त्या महाविद्यालयातल्या सरांना दाखवून मी पुन्हा वेळ मागेन. लाकडी नमुना आणि पाकिटं माझी मी घेऊन जाईन.

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत औषध विक्रेती,
नारायण पेठ, पुणे